वाहनतळाची जागा आणि अनर्जित मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एक मोटार उभी करावयास किती जागा लागते, या साध्या प्रश्नापासून आरंभ करणे सोयीचे होईल. प्रत्यक्ष गाडीखाली अकरा-बारा चौरस मीटर जागा जाते. परंतु ती आत आणावयाची, वळवावयाची आणि बाहेर काढावयाची म्हणून लागणारे मार्ग व चढउतार धरले, तर बहुमजली वाहनतळात दर गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर बांधकाम करावे लागते. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ साली आखली गेली तेव्हा एका कुटुंबाला देऊ केलेले घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरांचे होते. पुढे ते २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांचे झाले. उभ्या मोटारीच्या वाट्याला येणाऱ्या जागेची बरोबरी गाठावयास कुटुंबाला दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले, असा याचा अर्थ होतो. मोटार दिवसातील बहुतेक तास नुसती उभी असते, ही गोष्ट वेगळीच.

तेव्हा शहराच्या मध्यभागी असलेला वाहनतळ पाडून तेथे घरे व दुकाने बांधावीत, असा प्रस्ताव कोठेही पुढे आला की पुरोगामी माणसाच्या तोंडून चटकन होकार निघतो. ब्रिटनमधील लहानमोठ्या नगरांत असे प्रस्ताव गेली वीस-पंचवीस वर्षे सतत येत आहेत. होकार स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. वाहनतळ मोडला जातो त्या क्षणी त्या जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढते. हे मोल ज्याच्या हाती जाते तोच तेथे काय उभे राहील आणि तेथे कोण राहील हे ठरवितो. बाकीची चर्चा, म्हणजे इमारत सुरेख की कुरूप, गाड्यांचे काय होणार वगैरे, बव्हंशी या एका गोष्टीवरून लक्ष उडविण्याच्या कामी येते.

ईशान्य इंग्लंडमध्ये टाईन नदीच्या दक्षिण तीरावर गेट्सहेड नावाचे कामगारवस्तीचे नगर आहे. पलीकडच्या तीरावर न्यूकॅसल. गेट्सहेडच्या ऐन मध्यभागी ट्रिनिटी स्क्वेअर येथे १९६७ साली एक उंच, उघड्या काँक्रीटचा बहुमजली वाहनतळ आणि त्याखाली बाजारपेठ अशी वास्तू उघडली गेली. ओवेन लूडर यांच्या कार्यालयातील रॉडनी गॉर्डन या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला होता. मोटारींची संख्या वाढत जाणार आणि नगरे त्यांच्यासाठी नव्याने रचावी लागणार, या धारणेचा तो काळ होता. नगरांतील वाहतुकीविषयीचा ब्युकॅनन यांचा गाजलेला अहवाल १९६३ चाच. वास्तूच्या माथ्यावर उपाहारगृह व्हावयाचे होते. ते कधी उघडलेच नाही. १९७१ सालच्या ‘गेट कार्टर’ या चित्रपटात मात्र हा वाहनतळ झळकला आणि त्यामुळे त्याला जगभर चाहते मिळाले. गावातील लोकांना तो फारसा आवडत नव्हता, हे त्या चाहत्यांना ठाऊक नसावे.

या वाहनतळाची अवकळा आपोआप आली नाही. टाईन परिसरात १९८०-८१ मध्ये मेट्रो रेल्वे सुरू झाली. गेट्सहेडच्या मध्यभागी तिचे स्थानक आणि त्याला जोडून बसगाड्यांचा तळ झाला. उपनगरांतील बसगाड्यांनी प्रवासी आणून मेट्रोला द्यावयाचे, अशी ती एकात्म योजना होती आणि तिकीटही एकच. मोटार नसलेल्या माणसाला शहराच्या मध्यभागी सन्मानाने येता यावे, हा तिचा आशय. थॅचर सरकारच्या १९८५ च्या वाहतूक कायद्याने बससेवेवरील सार्वजनिक नियंत्रण काढून घेतले आणि १९८६ च्या ऑक्टोबरात ही घडी विस्कटली. खाजगी बसगाड्या मेट्रोला पूरक न राहता तिच्याशी स्पर्धा करू लागल्या. त्याच वर्षी गेट्सहेडच्याच हद्दीत, गावाच्या मध्यापासून दूर, वीज केंद्राची राख टाकण्याच्या पडीक जमिनीवर ‘मेट्रोसेंटर’ हे प्रचंड बाजारसंकुल उभे राहिले. ती जमीन सरकारने जाहीर केलेल्या ‘उद्योग विभागा’त मोडत असल्याने तेथील व्यापाऱ्यांना काही वर्षे स्थानिक करातून सूट होती, आणि गिऱ्हाइकाला हजारो गाड्या विनामूल्य उभ्या करण्याची सोय होती. एकीकडे गावातील कर भरणारा दुकानदार आणि पैसे देऊन गाडी लावणारे गिऱ्हाईक, दुसरीकडे करमुक्त दुकान आणि फुकटचा तळ. याला मुक्त स्पर्धा म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ एकदा तपासून पाहावा लागेल.

गावाचा मध्य ओसाड पडत गेला, काँक्रीट काळवंडले, आणि मग पुनर्विकासाची भाषा सुरू झाली. १९६० नंतरच्या नियोजनकारांची ती घोडचूक होती असे सांगितले जाऊ लागले. त्यात तथ्य नाही असे नव्हे. मात्र १९८६ साली जे राज्यकर्त्यांनी केले त्याचा दोष १९६७ च्या इमारतीवर लोटणे सोपे होते, कारण इमारतीला उत्तर देता येत नाही.

२०१० साली वाहनतळ पाडावयास आरंभ झाला. त्याच्या काँक्रीटचे तुकडे डब्यांत भरून आठवण म्हणून विकले गेले. पुनर्विकास करणारी कंपनी होती स्पेनहिल. ती टेस्को या देशातील सर्वांत मोठ्या किराणा-साखळीची उपकंपनी. २०१३ साली नवे संकुल उघडले. त्यात मध्यवर्ती स्थान अर्थातच टेस्कोच्या अवाढव्य दुकानाला. त्याच्या सोबतीस इतर दुकाने, चित्रपटगृह, आणि वर सुमारे हजार विद्यार्थ्यांच्या खोल्या. हे विद्यार्थी नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे, आणि ते विद्यापीठ नदीपलीकडे न्यूकॅसलला. खाली मोटारींची सोय राहिलीच. पुढच्या वर्षी त्या वर्षातील सर्वांत कुरूप इमारतीसाठी देण्यात येणाऱ्या उपरोधिक पारितोषिकाच्या अंतिम यादीत या संकुलाचे नाव आले. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती याचीच.

सौंदर्याचा वाद वास्तुशिल्पज्ञांनी खुशाल घालावा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न असा की, गावाच्या मध्यावर हजार खोल्या होतात आणि त्यांत गावातील कुटुंबासाठी घर का होत नाही? उत्तर कोणाच्या दुष्टपणात नाही. विद्यार्थ्याची खोली लहान, तिचे भाडे चौरस फुटामागे अधिक, भाडेकरू दरवर्षी बदलणारा, आणि विद्यापीठासारखी भक्कम संस्था पाठीशी. गुंतवणूकदाराला याहून निर्धास्त उत्पन्न कोणते? दोन मुलांची आई असलेली परिचारिका हा त्याच्या हिशेबात बसणारा भाडेकरू नव्हे. नफ्यासाठी बांधणारा जे करील तेच झाले.

नगरपालिकांनी हे अडवावयाचे, तर त्यांचे हात कायद्याने बांधलेले आहेत, आणि हा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार इंग्लंडमधील नगरपालिकेला आपली जमीन रास्त प्रयत्नाने मिळू शकणाऱ्या सर्वोत्तम मोबदल्याहून कमी किमतीला देता येत नाही; द्यावयाची तर मंत्र्याची अनुमती लागते. २००३ साली एक सर्वसाधारण अनुमती देण्यात आली. परिसराच्या सामाजिक, आर्थिक वा पर्यावरणीय हितासाठी २० लाख पौंडांपर्यंतची घट सोसण्याची मुभा तीत आहे. या मुभेचा वापर करावयाचा की नाही हे सभागृहाच्या धैर्यावर आणि तिजोरीवर अवलंबून असते. २०१० नंतर केंद्राकडून मिळणारी अनुदाने कापली गेली, तसतसे हे धैर्य आटत गेले. वाहनतळाचे शुल्क हे तर कित्येक नगरपालिकांच्या उत्पन्नाचे एक भरवशाचे साधन. तो विकून एकदाच मोठी रक्कम हाती येते, पण दरसालचे उत्पन्न कायमचे जाते.

जमीन एकदा गेली की वाटाघाटी सुरू होतात. विकासक काही घरे परवडणारी ठेवण्याचे मान्य करतो, मग खर्च वाढल्याचे दाखवून ‘प्रकल्प परवडत नाही’ असा हिशेब सादर करतो, आणि घरांची संख्या घटते. त्या हिशेबात विकासकाचा नफा विक्रीमूल्याच्या १५ ते २० टक्के धरणे हे सरकारी मार्गदर्शिकेतच रास्त मानले आहे. भाव घसरले तर घरे कमी होतात. नफा मात्र खर्चाच्या रकमेसारखा आधीच मांडून ठेवलेला असतो. शिवाय ‘परवडणारे’ या शब्दाचीही परवड झाली आहे. २०११ पासून बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचे भाडेही या नावाखाली बसविता येते.

जमिनीच्या मोलातील ही वाढ मालकाच्या श्रमाची नसते. रस्ते, मेट्रो, शाळा, माणसांची वर्दळ यांनी ती निर्माण होते. जुने अर्थशास्त्रज्ञ तिला अनर्जित वाढ म्हणत. ॲटली सरकारने १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने विकासाच्या अनुमतीमुळे होणाऱ्या मूल्यवाढीवर शंभर टक्के आकार बसविला. पुढच्या हुजूर सरकारने तो रद्द केला. मजूर सरकारने १९६७ साली चाळीस टक्क्यांचा आकार आणला, तो १९७१ मध्ये गेला. १९७६ चा विकास-भूमी कर १९८५ साली गेला. तीन वेळा प्रयत्न, तीन वेळा माघार. जमीनमालकांनी प्रत्येक वेळी एकच डाव खेळला: विक्री रोखून धरावयाची आणि सरकार बदलण्याची वाट पाहावयाची. यावरून एक गोष्ट दिसते. खाजगी जमिनीवरील मूल्यवाढ कराने पकडणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे. जी जमीन आधीच लोकांच्या मालकीची आहे तेथे मात्र कराची गरजच नाही. ती न विकणे पुरेसे आहे. नगरपालिकेचा वाहनतळ नेमका अशी जमीन असतो.

न विकता काय करता येते याचे उदाहरण जर्मनीतील म्यूनिकने २०१६ साली घालून दिले. तेथील डांटेबाड या जलतरण तलावाशेजारी वाहनतळ होता. गेवोफाग या नगरपालिकेच्या स्वतःच्या गृहनिर्माण कंपनीने तळ जागीच ठेवला, त्यावर काँक्रीटचे खांब रोवले आणि वर लाकडाचे तयार भाग बसवून शंभर घरे बांधली. वास्तुशिल्पज्ञ फ्लोरियान नागलर. सारे काम वर्षभराच्या आत झाले. घरे लहान आहेत, बहुतेक एकेका खोलीची; परंतु ती अल्प उत्पन्नाच्या लोकांना आणि आश्रय मान्य झालेल्या निर्वासितांना मिळाली. म्यूनिक हे जर्मनीतील सर्वांत महाग नगरांपैकी एक, हे लक्षात घेतले म्हणजे या शंभर घरांचे मोल कळते. गाड्या खालीच उभ्या राहिल्याने दुकानदारांचा वा पोहणाऱ्यांचा विरोध करण्याचा मुद्दाच उरला नाही.

दुकानदारांच्या विरोधाला तुच्छ लेखण्याची सवय मात्र सोडावी. मेट्रोसेंटरसारख्या फुकट तळाशी झुंजणाऱ्या लहान व्यापाऱ्याची भीती खरी आहे. अपंगांना, रात्रपाळीहून परतणाऱ्यांना गाडी लागते हेही खरे. बस पूर्ववत सार्वजनिक केल्याशिवाय तळ काढून घेणे हा मोटार परवडणाऱ्यावर नव्हे, तर मोटारीविना दुसरा मार्ग न उरलेल्यावर अन्याय होतो.

मुंबईत हाच व्यवहार उलट्या दिशेने झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत पुढे घातलेल्या ३३(२४) या कलमाने, जो विकासक सार्वजनिक वाहनतळ बांधून महानगरपालिकेला विनामूल्य देईल त्याला जादा चटईक्षेत्र देऊ केले. वाहनतळाच्या मोबदल्यात आलिशान मनोरे उंचावले. जादा चटईक्षेत्र म्हणजे लोकांच्या मालकीच्या हक्काची विक्रीच होय. फक्त जमिनीऐवजी आकाश विकले जाते, आणि त्याचा लिलावही होत नाही. २०११ नंतर शासनाला या सवलतीला आळा घालावा लागला. महानगरपालिकेच्या हाती आलेल्या त्या वाहनतळांवर आज कोणत्या अटी आहेत, त्यांपैकी किती मजले रिकामे राहतात, त्यांच्यावर घरे बांधण्याचा अधिकार कोणाकडे उरला आहे, हे प्रत्येक प्रकल्पाच्या करारनाम्यात लिहिलेले असते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. प्रभागनिहाय ते करारनामे मागवावयास आरंभ करावा.