पट्टी आमची, पोरें आमचीं, मग हिशेब कोण विचारणार?
(सौंदड येथें पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



जेवणें आटोपून आपण एवढ्या रात्रीं येथें जमलां, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोंत. पहाटे कित्येकांस तेंदूच्या पानांसाठीं जंगल गांठावयाचें आहे, तेव्हां आम्ही फार वेळ घेणार नाहीं. मास्तर उभा राहिला कीं ‘पोरांना शाळेंत पाठवा’ एवढेंच सांगणार, अशी आपली समजूत असेल. आज तें सांगावयाचें नाहीं. आज पैशाविषयीं बोलावयाचें आहे, आणि तोही आपल्याच कनवटीच्या.

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती भरावयाची वेळ आली कीं आपण कुरकुरतों. भरलीच तर पावती वाशांत खोंचून ठेवतों आणि विसरून जातों. आमच्या घरींही असेंच चालतें. पण त्या पावतींतल्या रुपयांपैकीं पोरांच्या वांट्यास किती गेलें, हें विचारणारीं माणसें आम्हीं एवढ्या वर्षांच्या नोकरींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच पाहिलीं.

हें दुखणें जुनें आहे. मुंबई इलाख्यांत इंग्रज सरकारनें शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसविला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावला. आपला मुलूख तेव्हां मध्य प्रांतांत, भंडारा जिल्ह्यांत. इकडेही साऱ्याबरोबर शाळेची पट्टी निराळी घेतली जात असे. देणारा कोण? धान पिकविणारा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं नेमकें हेंच मांडलें, कीं सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गांस होतो. निदान बारा वर्षांपर्यंत सर्वांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. त्या वेळीं पट्टी देणाऱ्याच्या हातीं मत नव्हतें. तो अर्ज करी आणि वाट पाही.

आज मालगुजार नाहीं. मालगुजारी १९५१ सालीं गेली. मत आपल्या हातीं आहे, आणि तरी आपण वाट पाहण्याची जुनी खोड सोडली नाहीं, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

आतां नियम काय तो ऐका. ग्रामपंचायतीनें आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतून शेंकडा १० रुपये महिला व बालकल्याणासाठीं खर्चावयाचे आहेत. ‘स्वतःचें उत्पन्न’ म्हणजे सरकारी अनुदान नव्हे. तुम्हीं आम्हीं भरलेली पट्टी, बाजाराचा कर, गाळ्यांचें भाडें हें. धरून चाला कीं एखाद्या गांवाचें असें उत्पन्न वर्षाला ४ लाख आहे. मग ४० हजार बायकापोरांचे झाले. पण हें सारें उत्पन्न अर्धेंच वसूल झालें, तर ते २० हजारच उरतात. जो पट्टी बुडवितो तो सरपंचाचें कांहीं बुडवीत नाहीं, अंगणवाडींतल्या पोराच्या ताटांतलें काढतो. हें कडू वाटेल, पण हिशेब हिशेब आहे.

आणि जो भरतो त्यानें विचारावें. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेंत मागील वर्षाचा जमाखर्च व चालू वर्षाचीं कामें पंचायतीनें लोकांपुढें ठेवावयाचीं असतात. गणपूर्तीस शेंकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, जें कमी असेल तेवढें पुरे. शंभर माणसें लग्नाच्या पंगतीस सहज जमतात.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, त्या १० टक्क्यांत होणार तरी काय? पहांटे तीन-चारला आई जंगलांत जाते. दुपारीं पुडे बांधून फळीवर मोजून द्यावयाचे असतात. अंगणवाडी तीन वर्षांच्या पोरासाठीं, आणि तीही आपल्या वेळेस उघडते. दीड वर्षाचें लेंकरूं कोणी सांभाळावें? आठ वर्षांची बहीण सांभाळते, किंवा तें झाडाखालीं झोळींत असतें. त्या हंगामापुरतें एक पाळणाघर, दोन बायांना मजुरी, दूध आणि गार पाणी, एवढें गांवास जड नाहीं. तसेंच पोलीसभरतीसाठीं अंधारांत महामार्गाच्या कडेनें धांवणारे आपले तरुण. त्यांस एक सपाट मैदान आणि दिव्याखालीं बसून वाचण्यास एक खोली हवी.

दूर देशीं लोकांनीं काय केलें तें सांगतों. अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतांत पिनेलास नांवाचा परगणा आहे. तेथील मतदारांनीं १९४६ सालीं मत देऊन आपल्या घरजमिनीवर मुलांसाठीं निराळी पट्टी बसवून घेतली आणि तिच्यासाठीं निराळें मंडळ केलें. १९८६ सालीं त्या प्रांतानें इतर परगण्यांसही तशी मुभा दिली. मर्यादा हजार डॉलरच्या मालमत्तेस अर्धा डॉलर. मायामी परगण्याची गोष्ट तर ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९८८ सालीं लोकांनीं पट्टी नाकारली. २००२ सालीं दिली, पण पांच वर्षांची मुदत घालून. मुदत संपल्यावर २००८ सालीं, मंदीच्या दिवसांत, पुन्हां विचारलें. लोकांनीं मोठ्या बहुमतानें होय म्हटलें. ते लोक आपल्याहून दानशूर आहेत असें नव्हे. काम डोळ्यांसमोर होतें, आणि नको असेल तर थांबविण्याची दोरी हातीं होती.

आपल्या कायद्यांत अशी मतदानाची वाट नाहीं. कर पंचायत बसविते. पण वर्गणीस कोणाची मनाई नाहीं. आम्ही पूर्वीं ज्या गांवीं होतों तेथें दर घरामागें एक पायली धान काढून तेंदूच्या हंगामांत लहान पोरांची सोय केली होती. कुंभारानें माठ दिले, सुतारानें पाळणे केले. दोन वर्षें उत्तम चाललें. तिसऱ्या वर्षीं मोडलें. कारण वही आमच्याकडे होती आणि आम्हीं ती वेळेवर लिहिली नाहीं. कोणीं धान खाल्लें नव्हतें; पण कोठें गेलें हें दाखवितां येईना, आणि लोकांनीं पायली आंखडली. त्यांचें चुकलें असें आम्हांस आजही वाटत नाहीं.

म्हणून नवी पट्टी बसवा असें आम्ही आज म्हणत नाहीं. आधीं त्या १० टक्क्यांची वही उघडूं. रक्कम किती, खर्च कशावर, शिल्लक किती, एवढें फळ्यावर लिहून घेऊं. पुरलें तर ठीकच. न पुरलें तर पायलीचा विचार करूं, दोन वर्षांच्या मुदतीनें, आणि वही मास्तराकडे नको. ती बचत गटाच्या बायांकडे असावी.

शेवटीं एक अडचण. ग्रामसभेपूर्वीं महिलांची सभा घ्यावयाची असते. ती तेंदूच्या दिवसांत सकाळीं ठेवली तर बाया येणार कशा? ती सायंकाळीं पांचानंतर ठेवावी अशी विनंती आम्हीं लिहून आणली आहे. कागद पेटीवर ठेवला आहे. ज्यांस सही करावयाची असेल त्यांनीं करावी. अंगठ्यासाठीं शाईही आणली आहे.