संगणक आणि आपला ‘ऱ्या’



१९७६ साली स्थापन झालेल्या या नोएडात संगणकावर उपजीविका करणाऱ्यांस काय उणे, असे आपणांस वाटेल. परंतु या यंत्राशी तीस वर्षे संसार केलेल्यांचे दुखणे निराळे आहे. यंत्र बिघडले तर बदलता येते. जुना मजकूर मुका झाला तर काय करावे?

१९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तरीही आपली छपाई पुढे कित्येक वर्षे ज्या फॉन्टांवर चालली, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फॉन्ट हरपला की उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फायली अशाच पडून आहेत, आणि त्यांतील काही लेखक आज हयात नाहीत.

दुसरे गाऱ्हाणे अस्सल मराठी. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद हिंदीभाषक सहकाऱ्यांस समजाविताना घसा कोरडा पडतो. दक्षिणा गुरूला द्यावयाची की स्वयंपाक्याला, हे त्यावरच ठरते! खुबी एवढीच, की साध्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त, मग ‘य’. ‘ॲ’ला तर युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले.

ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिकांच्या छापील प्रती असतील, त्यांनी त्या कृपया कार्यालयात आणून द्याव्यात. आम्ही काही निवृत्त मंडळी त्या युनिकोडात पुन्हा टंकित करावयास बसणार आहोत.