काळी माती, सातपुड्याचा दगड आणि गाडीचे टायर



फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे जुने टायर झिजले आणि नवे घ्यायची वेळ आली, तर दुकानात पाऊल टाकण्याआधी काय ठरवावं, याविषयी मी आज बोलणार आहे.

आमचं रनाळं नंदुरबार तालुक्यात, तापीच्या दक्षिणेला आहे. इथल्या जीपच्या चाकाखाली तीन तऱ्हेची जमीन येते. नंदुरबारला किंवा दोंडाईच्याला जाताना डांबर. शेताकडे वळलं की काळी माती. आणि प्रकाशाला तापी ओलांडून तळोद्याहून चांदसैली घाट चढला, किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीची वाट धरली, की पुढे सातपुड्याचा काळा, धारदार दगड. या तिन्हींवर सारखाच चांगला चालेल असा टायर कोणत्याच कंपनीने बनवलेला नाही. म्हणून आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझी गाडी सर्वांत जास्त कुठे धावते? आणि कुठे अडकली तर सर्वांत जास्त नुकसान होतं? टायरची निवड या दोन उत्तरांवर करायची.

बाजारात या गाड्यांसाठी तीन प्रकार मिळतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर. त्याच्या खाचा बारीक, आवाज कमी, ब्रेक चांगला. एमटी म्हणजे चिखलाचा टायर. त्याच्या गोट्या मोठ्या आणि त्यांच्यातलं अंतर रुंद. एटी हा मधला, निम्मा डांबराचा आणि निम्मा कच्च्या वाटेचा. टायरवर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरं दिसली म्हणून तो चिखलाचा टायर ठरत नाही. ती खूण बऱ्याच साध्या टायरांवरही असते.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी प्यायली की ती फुगते आणि लागेल त्याला चिकटते. एचटीच्या बारीक खाचा तिने चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच भरतात, आणि खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा घसरतो. एटी थोडा जास्त टिकाव धरतो. एमटीच्या रुंद खाचांतली माती चाक जोरात फिरलं की बाहेर फेकली जाते. मात्र तोच एमटी पावसाने भिजलेल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर उशिरा थांबतो, रस्त्यावर घोंगावतो, डिझेल जास्त खातो आणि लवकर झिजतो. वर्षातले दहा महिने डांबरावर आणि सुक्या गाडवाटेवर चालणाऱ्या गाडीला एमटी घालणं म्हणजे दोन महिन्यांच्या चिखलासाठी दहा महिन्यांचा ब्रेक कमकुवत करणं. रनाळे, शनिमांडळ, दोंडाईचा या पट्ट्यातल्या बहुतेक गाड्यांना चांगला एटी पुरतो. राहिला शेतातला चिखल. वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही, मग गाडी तरी का घालावी? ओल्या रानात चाकांनी दाबलेली माती पुढे पिकालाही नडते.

सातपुड्यात रोज जाणाऱ्याचं गणित वेगळं आहे. तिथे टायर सहसा रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर फाटत नाही, बाजूला फाटतो. दरडीचे पडलेले दगड, वाहून गेलेली साइडपट्टी, नाल्यातल्या कातळाच्या कडा टायरच्या बाजूला घासतात. पट्ट्यातलं पंक्चर निघतं. बाजूला चीर गेली तर ती भरवशाने दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून घाटातल्या गाडीसाठी नक्षी पाहण्याआधी टायरची बाजू किती पदरी आहे ते विचारा. तीन पदरी बाजूचा टायर जड आणि महाग असतो, पण दगडापुढे टिकतो.

इथेच रिमचा मुद्दा येतो. नाशिकला तयार होणारी थार २०२० साली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८ असे टायर होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर १६ इंची रिमवर टायरची बाजू सुमारे १८४ मिलिमीटर उंच येते, १८ इंचीवर १६६. दगडाचा मार टायरने सोसायचा की रिमने, हे त्या १८ मिलिमीटरमध्ये ठरतं. खडकाळ वाटेवर लहान रिम आणि उंच बाजूचा टायर उजवा.

आता साइज मोठी करण्याबद्दल. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातला तर टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढतो, पण गाडी जमिनीपासून फक्त १५ मिलिमीटर वर जाते. स्पीडोमीटर चार टक्क्यांहून जास्त मागे पडतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२च्या पुढे असते. टायर फार रुंद घेतला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो मडगार्डला घासतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. कंपनीने आपल्या मॉडेलला दिलेली साइज घेणं हेच शहाणपणाचं.

फोर-व्हील गाडीत आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावं लागतं. या गाड्यांत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडले जाऊन एकाच वेगाने फिरतात. पुढे जुने झिजलेले आणि मागे नवे टायर असतील, तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि तो फरक ट्रान्सफर केसच्या गिअरांवर ताण देतो. म्हणून चारही टायर एकाच साइजचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. स्टेपनीही त्याच जातीची घ्या आणि पाचही टायर आळीपाळीने चाकांवर फिरवत राहा.

टायरवर साइजनंतर आणखी एक आकडा येतो. तो वजनाचा. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. तेही हवा पूर्ण असताना. जीपमध्ये माणसं आणि टपावर पोती असतील, तर कंपनीने दिलेल्या आकड्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात, कमी हवेवर, जास्त वजनाने चालणारा टायर आतून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चिखलात अडकल्यावर थोडी हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबराला लागताच ती भरलीच पाहिजे. त्यासाठी हवेचं मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. रुंद टायरवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा हा खर्च कामाचा.

दुकानात टायर हातात आला की त्याच्या बाजूवर चार आकडी तारीख शोधा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. फार मागची तारीख असेल तर दुसरा मागा. आयएसआयची खूण पाहा. घाटात चालणाऱ्या गाडीला रिमोल्ड टायर नकोच, पुढच्या चाकांना तर मुळीच नको. आणि खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत टायर झिजण्याची वाट पाहू नका. ती खूण कायद्याची शेवटची मर्यादा आहे. चिखलाची पकड त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते.

श्रोतेहो, हे सगळं आग्रहाने सांगण्याचं कारण एकच. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर एसटी पोहोचत नाही तिथे जीप पोहोचते. तिच्यात बाजाराला निघालेली बाई असते, शाळेचे गुरुजी असतात, दवाखान्यात न्यायचं आजारी लेकरू असतं. टायर कोणता आहे हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ते गाडीवाल्यावर विश्वास ठेवून बसतात. त्या विश्वासाला मालकाने जागायला हवं. या पावसाळ्याआधी स्वतः खाली बसून पाचही टायर हाताने चाचपा, त्यांच्या तारखा वाचा, आणि बदलायचे असतील तर घाट सुरू होण्याआधी बदला.