महानायकाचे गाव कोणते?

(बालकांसाठी भरविलेल्या चित्रकथा-शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पहिल्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशी एक गृहस्थ आले होते. मुलाचा अर्ज त्यांनी भरला, शुल्कही दिले आणि मग आवाज किंचित खाली आणून मला विचारले, "गुरुजी, कॉमिक्स वाचू नये म्हणून आम्ही त्याला ओरडतो, आणि तुम्ही ती काढायला शिकवणार. यातून नेमके साधणार काय?" त्या दिवशी गर्दी होती, मी हसून वेळ मारून नेली. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. माझे आजचे भाषण हे त्यांचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

पहिल्या दिवशी मी मुलांना कोणतीही सूचना दिली नव्हती. एवढेच सांगितले, की प्रत्येकाने स्वतःचा एक महानायक काढा. तासाभराने कागद गोळा केले. बहुतेक नायकांच्या पाठीवर फडफडणारे वस्त्र होते, ज्याला मुले 'केप' म्हणतात. बहुतेकांच्या छातीवर एखादे इंग्रजी अक्षर होते. ते ज्या नगरावरून उडत होते, त्या नगरात गगनचुंबी इमारती होत्या. पण रिक्षा नव्हती, देऊळ नव्हते, एसटीचा थांबाही नव्हता. चित्रे वाईट होती असे मी म्हणणार नाही. काहींच्या रेषेत विलक्षण जोर होता. पण एका मुलाला मी विचारले, "तुझा हा नायक दुपारी काय जेवतो? कुणाच्या घरी जेवतो?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याने हा विचार केलाच नव्हता.

यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना केप दाखवली, ती केप कोठून आली हे सांगितले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चित्रकलेऐवजी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचे शहर आहे. तेथे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन शाळकरी मुले एकमेकांना भेटली. दोघांचाही जन्म १९१४चा, दोघांचीही घरे युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांची. मंदीचे दिवस होते. १९३२ साली जेरीच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली आणि त्या प्रसंगातच वडिलांचे हृदय बंद पडून निधन झाले. त्यानंतरच्या वर्षांत या दोघांनी जो नायक घडवला, तो बंदुकीच्या गोळीनेही न मरणारा होता. त्याचा ग्रह नष्ट झालेला, आईवडील गेलेले, आणि परक्या भूमीवर तो परक्या नावाने राहतो. त्याचा पोशाख सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतला. १९३८च्या जूनच्या अंकात सुपरमॅन लोकांसमोर आला आणि त्याचे सर्व हक्क या पोरांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते. पुढे प्रकाशकांनी अमाप पैसा मिळवला. यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नावाचा मान मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

तात्पर्य केपमध्ये नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात आले. एका मुलीने विचारले, "म्हणजे त्यांनी बाबांना वाचवायचं राहून गेलं, म्हणून सुपरमॅन काढला?" जेरी सीगल यांच्या मनात तसेच होते का, हे मी सांगू शकत नाही; पण ती मुलगी चित्रकथेच्या गाभ्यापाशी पोहोचली होती, हे मात्र मी सांगू शकतो. महानायकाचे सामर्थ्य हे त्याच्या निर्मात्याच्या एखाद्या उणिवेवर घातलेले ठिगळ असते. आपण ठिगळाची नक्कल करतो. कापड कोठे फाटले होते, ते विसरतो.

दुसरी गोष्ट दुबळेपणाची. मुलांचे पहिल्या दिवशीचे सारे नायक अजिंक्य होते. अजिंक्य नायकाची गोष्ट दोन पानांत संपते. सुपरमॅनलाही पुढे क्रिप्टोनाइटचे भय द्यावे लागले, आणि तेही चित्रकथेतून नव्हे, तर १९४३ साली आकाशवाणीवरच्या त्याच्या मालिकेतून आले. १९६२मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन निर्माण केला, तेव्हा त्यांनी त्याहून खोल मर्मस्थान शोधले: हाती सामर्थ्य असूनही या पोराने एका चोराला जाऊ दिले आणि त्याच चोराने त्याच्या काकांचा प्राण घेतला. बाहेरच्या दगडापेक्षा आतला अपराध अधिक बोचतो. पण हे सांगताना मला वाटून गेले, की यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरजच काय? आपला हनुमंत. ऋषींच्या शापाने त्याला स्वतःच्या बळाचाच विसर पडला आहे. समुद्रकाठी सारे वानर हताश बसले असताना जांबवान त्याला त्याची आठवण करून देतो. जगातला सर्वात बलवान नायक, आणि त्याचे बळ दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याशिवाय जागे होत नाही! यापेक्षा सुंदर रचना मला तरी माहीत नाही. कर्णाचे पाहा. त्याची कवचकुंडले कुणी हिसकावली नाहीत. त्याचे दातृत्व हेच त्याचे मर्मस्थान होते.

आता थोडे माझ्या वाचनाविषयी. लहानपणी आमच्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' येत असत. मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू झाली आणि १९९०मध्ये बंद पडली. मराठीतही ती निघे, आणि तिच्यातला वेताळ म्हणजे आमचे सर्वस्व होते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा मुखवटाधारी. मूळ कथेतल्या 'बंगाला' या नावाऐवजी आपल्याकडे 'डेंकाली' असे छापले जाई. शाळेतल्या एका शिक्षकांनी माझा अंक तासाला जप्त केला आणि वर्गासमोर टराटरा फाडला. दुःख अजून आहे. पण आज मागे वळून पाहताना एक प्रश्न मला पडतो. पिढ्यान् पिढ्या एक गोरे घराणे जंगलाचे रक्षण करते आणि त्या जंगलातले मूळ रहिवासी त्याला अमर मानून त्याच्या आज्ञेत राहतात, हे आम्ही किती सहजपणे गिळले! वेताळ वाचू नका असे मी म्हणत नाही. मुलांसोबत बसून वाचा आणि हा प्रश्न त्यांनाही विचारा.

त्याच 'इंद्रजाल'मध्ये १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादुर' आला. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स. दरोडेखोराचा मुलगा, बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघतो आणि अखेरीस गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. पाठीवर केप नाही, उडणे नाही. त्याचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीत घालू नयेत, ही विनंती.

'अमर चित्र कथा' आपल्या घराघरांत आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडक्यात. १९६७ साली दिल्लीत दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे अनंत पै यांनी पाहिले आणि ही मालिका उभी राहिली. पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकावर 'कृष्ण' आला, आणि त्याची चित्रे काढली आपल्या राम वाईरकरांनी. 'शिवाजी' प्रताप मुळीकांचा. महाभारताच्या बेचाळीस अंकांना दिलीप कदमांची चित्रे लाभली. मराठी कुंचल्याने संपूर्ण भारताच्या डोळ्यांसमोर त्याचे पूर्वज उभे केले, याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र एक खटकणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या जुन्या अंकांत देव आणि राजे उजळ, तर असुर बव्हंशी काळेकभिन्न, पिळदार मिशांचे. सावळ्या वर्णाच्या मुलांनी वर्गात कोणाची भूमिका करायची, हे त्या रंगांनी नकळत ठरवून टाकले. खुद्द कृष्णाचे नावच 'काळा' असे असताना आपण हे करावे, याचे नवल वाटते.

आणखी एक. 'अमर चित्र कथे'ने आपल्याला आपले नायक परत दिले. नवे नायक घडवण्याचे काम तिचे नव्हते. ते काम काही अंशी दिल्लीच्या राज कॉमिक्सने केले. १९८६ साली नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अनेक अंक चितारणारे प्रताप मुळीकच होते. आतंकवाद्यांना विकायचे शस्त्र म्हणून एका दुष्ट प्राध्यापकाने घडवलेला हा विषारी तरुण बाबा गोरखनाथांमुळे मुक्त होतो. नाथपंथाची ही जोड मला आजही अस्सल वाटते, कारण ती लोकांच्या श्रद्धेतून आली आहे. वरून चिकटवलेली नाही. पण मला निवडायला सांगाल तर मी अनुपम सिन्हा यांच्या 'सुपर कमांडो ध्रुव'ला निवडेन. १९८७ सालचा हा नायक. सर्कशीत वाढलेला, आगीत आईवडील गमावलेला, कोणतीही दैवी शक्ती नसलेला. तो भौतिकशास्त्र वापरतो, रसायने वापरतो, पशुपक्ष्यांशी बोलतो आणि शत्रूचा जीव घेत नाही. हिंदी वाचू शकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी बिनदिक्कत ध्रुव देईन. त्याच प्रकाशनाचा मुंबईत फिरणारा, कुत्र्याचा मुखवटा घातलेला 'डोगा' मात्र मोठ्या मुलांसाठीच ठेवावा. तो न्यायालयाची वाट पाहत नाही. वाचताना आपल्यालाही बरे वाटते, आणि तेच चिंताजनक आहे.

२००४ साली 'स्पायडरमॅन इंडिया' आला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना आनंद झाला होता. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, न्यूयॉर्कची मुंबई झाली, विजारीच्या जागी धोतर आले, कोळ्याच्या चाव्याऐवजी योग्याचा प्रसाद आला. मी अंक मिटला तेव्हा मन थोडे उदास झाले. हा पोशाखाचा अनुवाद होता. २०२३च्या चित्रपटात हाच पवित्र पुन्हा दिसला, तेव्हा त्याला स्वतःचा स्वभाव मिळाला होता. परक्या माणसाने 'चाय टी' म्हणताच तो चिडतो, तेथे मी मोठ्याने हसलो. तो चित्रपट मराठीतूनही प्रदर्शित झाला होता.

परदेशी पुस्तकांपैकी एकच सांगतो: हर्जे यांचे 'टिनटिन इन तिबेट', १९६०. त्यात खलनायक नाही. विमान अपघातात सर्वांनी मृत मानलेल्या मित्राला शोधायला टिनटिन बर्फात जातो, एवढीच कथा. शत्रूशिवायही साहस घडू शकते, हे समजण्यासाठी मुलांनी ते वाचावे. आणि जे मराठीत वाचतात, त्यांच्या हाती भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. ती चित्रकथा नव्हे, हे मान्य. पण त्या हाडकुळ्या, सायकलवरच्या पोराचे गाव विचाराल, तर फुरसुंगी असे चटकन सांगता येते.

आता तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना दाखवण्यासाठी एक चित्र. मराठवाड्यातून येथे वसतिगृहात शिकायला आलेली सातवीतली एक मुलगी शिबिरात आहे. पहिल्या दिवशी तिनेही केपच काढली होती. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "तुझ्या घरी कुणाला काय जमतं?" ती म्हणाली, "आजोबा पाणाडे आहेत." तळहातावर नारळ ठेवून आजोबा शेतात चालतात आणि जमिनीखालच्या पाण्याची जागा सांगतात. मग तिने नायिका काढली. अनवाणी चालणारी, लुगड्याचा काष्टा मारलेली, जमिनीखालचे पाणी जिच्या तळपायांना ऐकू येते अशी. एका पालकांनी काल मला विचारले, की यातून अंधश्रद्धा नाही का पसरणार? मी त्यांना एवढेच म्हणालो, की माणूस इमारतींवरून उडतो हे आपण चालवून घेतो. भूगर्भशास्त्र तिला शाळेत शिकवूच. तिच्या चित्रात मात्र ती आजोबांशी बोलते आहे.

तिच्या नायिकेचे मर्मस्थान तिने स्वतः शोधले. पाणी सापडले की ती जागा सांगितल्यावाचून तिला राहवत नाही. पहिल्या जागी बायका घागरी घेऊन येतात. दुसऱ्या जागी ज्याच्याकडे पैसा आहे तो बोअरची गाडी घेऊन येतो, आठशे फूट खाली जातो, आणि पहिली विहीर आटते. त्याच्या चेहऱ्यावर पिळदार मिशा नाहीत. तो तिचा सख्खा काका आहे.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे वही घेऊन आली. तिसरी जागा नायिकेला सापडली आहे, सारे गाव भोवती उभे आहे, काकाही आहे. "सर, तिने सांगायचं का नाही?" असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तिलाही अजून सापडलेले नाही, म्हणून तिने शेवटची चौकट कोरी ठेवली आहे. ते पान प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला, खिडकीखाली लावले आहे. चहा होईपर्यंत सर्वांनी ते पाहून घ्यावे, आणि कुणाला काही सुचले, तर ती तेथेच उभी असेल, तिच्याशी बोलावे.