मीठ घालायच्या आधी

तायांनो, मे महिन्यात आपण ताक पितो, पन्हं पितो. आणि रात्रभर शेळ्या राखणारा कुत्रा? त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकतो, मुख्यतः त्यातूनच त्याचं अंग थंड होतं.

तर ताक केलं की मीठ-मिरची घालायच्या आधीच त्याचं वाटीभर बाजूला काढा. तेवढंच पाणी घाला, कलिंगडाचा बिया काढलेला गर कुस्करा आणि छोट्या वाट्यांत फ्रीजरला ठेवा. फ्रीज एकीकडेच असेल तर शेजारणीची वाटीही ठेवून घ्या, त्याला व्याज लावायचं नाही! पहिल्यांदा थोडंच द्या, पोट बिघडतंय का बघा. साखर-गूळ नको. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कुत्र्याला ते विषारी असतं.

पण हा लाड झाला, औषध नव्हे. कुत्रा झोकांड्या खातोय, उलट्या करतोय, आडवा पडलाय, तर तोंडात काही कोंबू नका. सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, लगेच गुरांच्या डॉक्टरांना फोन करा.

आणि साखळी बघा. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी उन्हात येतो. पाण्याचं भांडंही तापतं.