दुसरं उष्टावण

(इंदूर येथे मंडळाच्या महिला शाखेच्या तिळगूळ समारंभात आम्ही दोघींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी जावा. एकाच घरात, एकाच ओट्याशी बावीस वर्षं काढलेल्या. आमच्यातल्या थोरलीचं गेल्या आषाढात वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर धाकटीच्या हाती आलं. या विषयावर बोला असं मंडळाने सुचवलं, तेव्हा आम्ही दोघींनी मिळूनच बोलायचं ठरवलं. ऑपरेशन एकीचं झालं, पण जेवायला आणि जेवू घालायला नव्याने शिकलो दोघीही.

आम्ही डॉक्टर नाही. कुणाला ऑपरेशन करा किंवा करू नका असं सांगायला इथे उभ्या नाही. प्रत्येकाचा आहाराचा तक्ता त्याचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतात. आम्ही सांगणार आहोत ते एवढंच, की ऑपरेशननंतर माणूस पातळ पदार्थांवरून पुन्हा घासावर येतो, तेव्हा घरात काय काय घडतं.

थोरलीचं वजन 112 किलो होतं. मधुमेह दहा वर्षांचा, गुडघे जिना चढू देत नव्हते आणि रात्री श्वास अडकून झोपमोड व्हायची. ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती’ हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. पण लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नव्हे. 2022 साली या शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनांनी नवे निकष जाहीर केले. त्यांत आशियाई लोकांसाठी वजनाची मर्यादा मुद्दाम खाली ठेवली आहे, कारण आपल्याला कमी वजनावरही मधुमेह गाठतो.

थोरलीची झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असतं, म्हणून सुरुवातीला भूकही मंदावते. उरलेल्या जठराला पिनांची लांबच लांब शिवण असते. ती भरून येईपर्यंत आत ताण पडू द्यायचा नाही. पातळ, मग गुळगुळीत, मग मऊ, मग घन हा क्रम पाळायचा तो त्यासाठी.

आमच्या सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे हिचं पुन्हा उष्टावण करायचं!” त्या क्षणापासून आम्हाला तो तक्ता परका वाटेनासा झाला. आजारातून उठलेल्याला आधी कढण, मग पेज, मग मऊ भात, हे आपल्या घरांना नवीन नाही. आयुर्वेदातही वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी, यूष असा चढता क्रम सांगितला आहे, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. ऑपरेशनची गोष्ट वेगळी, तिचे नियम वेगळे. पण पोटाला पायरी पायरीने जागं करायचं, ही समज आपल्या ओळखीची आहे.

ऑपरेशन आषाढीच्या दुसऱ्या दिवशी झालं, त्यामुळे आमच्या पायऱ्या सणांनीच मोजल्या गेल्या. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: पाणी, पातळ ताक, गाळलेलं मुगाचं कढण, डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर. तेही घोट घोट. औषधाच्या बाटलीचं झाकण हेच भांडं. दिव्याची अवस आली तेव्हा तिसरा आठवडा चालू होता. कणकेचे दिवे घरच्यांसाठी झाले आणि थोरलीसाठी मिक्सरमधून काढलेलं वरण, घोटलेलं दही. नागपंचमीला घरात दिंडांचा वास, तिच्या वाटीत दुधी आणि मुगाची डाळ एकजीव करून. नारळी पौर्णिमेला पाचवा आठवडा. आता मऊ पदार्थ सुरू: कुस्करलेलं पनीर, मऊ पिठलं, शिजवून काट्याने दाबलेला लाल भोपळा. त्या दिवशी तिने चमचा बाजूला ठेवला आणि पिठलं बोटाने खाल्लं. बोटांना अन्न लागल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे आपल्यापैकी कुणालाच समजावून सांगायला नको.

पोळ्याच्या सुमाराला, सातव्या आठवड्यात, घन अन्न सुरू झालं. कठीण दिवस खरं तर इथून पुढचे. पातळ अन्नाच्या दिवसांत सगळं घर जपत असतं. पोळी-भाजी सुरू झाली की सगळ्यांना वाटतं, झालं, बरी झाली. आणि नेमकं तेव्हाच खूप सांभाळायचं असतं.

पोळीचा घास, मोकळा न झालेला भात, ताजा पाव हे पदार्थ आत जाऊन गोळा होतात. त्यामुळे ते सर्वांत शेवटी आले. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, दोन घासांमध्ये हात ताटाबाहेर. जेवण वीस मिनिटं ते अर्धा तास. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. पण दिवसभरात दीड-दोन लीटर पाणी मात्र पोटात जायलाच हवं. बोलायला सोपं आहे. ज्या घरात पाटावर बसल्याबरोबर पहिल्यांदा तांब्या-भांडं मांडतात, तिथे ते पाळून बघा!

ताट तेच राहिलं, क्रम बदलला. आपण वरण-भात-तूप-लिंबाने सुरुवात करतो. थोरली आधी प्रथिनं खाते: पनीर, घट्ट वरण, उसळ, दही. मग भाजी-कोशिंबीर. जागा उरली तर पोळीचा चतकोर. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत असं तिला सांगितलं आहे. 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे हा हिशेब जुळवणं हे धाकटीचं रोजचं गणित. स्नायू झडू नयेत म्हणून हे लागतं. नुसतं वजन उतरलं आणि अंगातली ताकदही गेली, तर काय मिळवलं?

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वी पोट जड व्हायचं. आता छातीच्या मध्यभागी दाब येतो, उचकी लागते, कुणाच्या नाकाला पाणी येतं. पहिली खूण दिसली की हातातला घास खाली ठेवायचा. त्यानंतरचा एक घास उलटी होऊन बाहेर येतो.

घन अन्न उशिरापर्यंत टाळणं हेही बरोबर नाही, हे आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी बजावलं. मऊ अन्न सरकून जातं, भूक लवकर लागते. चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, आणि आपल्या इंदूरची लाडकी शेव, हे सगळं तोंडात विरघळतं, लहान पोटातूनही बिनबोभाट उतरतं आणि काही वर्षांनी वजन परत आणतं. चावून खाल्लेली उसळ मात्र तास न् तास साथ देते. सराफ्यात जायला आम्हाला कुणी बंदी केलेली नाही. आम्ही जातो. भुट्ट्याचा कीस एक द्रोण, चमचे चार, आणि थोरलीचे त्यातले दोन घास.

आता हरतालिका. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या निर्जळी उपास. त्या दिवशी आठवा आठवडा चालू होता. ज्या शरीराला घोट घोट पाणी मोजून द्यावं लागतं, त्याला दिवसभर कोरडं ठेवणं धोक्याचंच. थोरलीने विचारलंही नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. सासूबाईंनी स्वतः पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “वाळूचं लिंग करायला ये. उपास या घरात आम्ही दोघी करतोय, तुझाही त्यातच आला.” घरातल्या वडीलधाऱ्यांचं असं एक वाक्य डॉक्टरांच्या दहा सूचनांएवढं काम करतं.

चतुर्थीला मोदक. गूळ-खोबरं पोटातून भरभर आतड्यात उतरलं की काहींना घाम, धडधड, चक्कर येते, याला डंपिंग म्हणतात. बायपास झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. ताईंना विचारून ठरलं: रिकाम्या पोटी नाही, जेवणानंतर, सुपारीएवढा घास. प्रसाद तेवढाच असतो.

गौरीच्या जेवणाला पाहुण्यांची पंगत बसली. एका मावशींनी प्रेमाने थोरलीच्या पानात अख्खी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. “एवढीशी जेवतेस? आमची शपथ आहे.” थोरली पानाकडे बघत राहिली. नको म्हणावं तर सणाचा अपमान, खावं तर रात्रभर त्रास. धाकटीने ते पान उचललं, दुसरं मांडलं, वाटीत घट्ट वरण वाढलं आणि म्हणाली, “मावशी, आग्रह करायचाच असेल तर या वाटीचा करा.” मावशी मनाने मोठ्या. त्यांनी खरोखर त्या वाटीचा आग्रह केला!

मैत्रिणींनो, आज आमचं मागणं एवढंच आहे. आग्रह ही आपली रीत आहे. होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलो, भाषेत हिंदी मिसळली, तरी पंगतीतला आग्रह आपण सोडला नाही, सोडूही नये. फक्त त्याची दिशा बदलू या. ‘अजून एक घे’ ऐवजी ‘सावकाश जेव, आम्ही थांबलोय’ म्हणू या. ‘किती वाळलीस’ किंवा ‘अजून कुठे उतरलं वजन’ यापेक्षा ‘चालायला येतेस का’ विचारू या. सहा महिन्यांत थोरलीचं वजन 28 किलो उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या, ती जिना चढते. पण तिला विचाराल तर ती सांगते, की तिला बळ आलं ते पंगतीत तिच्यासाठी थांबणाऱ्या माणसांमुळे.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि बी-12 आयुष्यभर घ्यायचं असतं. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी चुकवायची नाही. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, काही गोळ्यांनी जठराला जखमा होतात. सतत उलट्या, पाणीही न टिकणं, ताप, पोटात जोराची कळ, नाडी जलद, यांतलं काही झालं तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. उलट्या लांबल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला, नसांना इजा होते. आणि तरुण मुलींनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी गरोदरपण लांबवावं, असं डॉक्टर सांगतात.

आमच्या कार्यकर्त्या ताईंना एक विनंती. येत्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या टेबलावर नेहमीच्या ताटांबरोबर पाच-दहा लहान ताटल्या ठेवाव्यात आणि वरणाचं पातेलं भाताच्या आधी यावं. ऑपरेशन झालेल्यांना, वयस्कांना, मधुमेह्यांना न विचारता, न लाजता घेता येईल. वाढायला आम्ही दोघी उभ्या राहू.

तिळगुळाची एक वडी आम्ही दोघींनी अर्धी अर्धी घेतली आहे. तुम्हीही घ्या.