विद्युत्घटाचा दाब : धातू आणि द्रावण



जस्ताची पट्टी जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात, तांब्याची मोरचुदाच्या द्रावणात आणि दोहोंमध्ये मातीचे सच्छिद्र भांडे. असा घट डॅनियल यांनी १८३६ साली सिद्ध केला. त्याचा दाब सुमारे १.१ व्होल्ट. पट्ट्या मोठ्या केल्याने तो वाढत नाही. तांब्याच्या जागी चांदी व तिचे द्रावण घेतले तर मात्र सुमारे १.५६ व्होल्ट होतो. इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची ओढ प्रत्येक धातूची निराळी असते.

द्रावणाच्या तीव्रतेचा प्रभाव त्या मानाने अल्प. केवळ मोरचूद दहापट विरळ केल्यास दाब जेमतेम ०.०३ व्होल्टने उतरतो. हा नियम नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडला.

परंतु हे अल्पत्व क्षुल्लक नव्हे. मातीचा सामू मोजणारे यंत्र हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेतील दहापट फरक २५ अंश सेल्सिअसला ०.०५९ व्होल्ट एवढ्या दाबावरूनच ओळखते. धारवाडच्या पश्चिमेची तांबडी माती बहुधा आम्लधर्मी, पूर्वेची काळी क्षारधर्मी. पहिलीला चुना लागतो; दुसरीत सोडियम वाढल्यास जिप्सम. यंत्र प्रमाण द्रावणाशी न जुळवता वाचन घेतले, तर त्या चुकीची किंमत शेतकरी मोजतो.